कौलांखालची जमीन : एट्रुस्कन इमारतीच्या उत्खननातील रोजचे काम

इटलीच्या तोस्काना प्रांतात, सिएना शहराच्या दक्षिणेला वीस-पंचवीस किलोमीटरवर, मुर्लो गावाजवळ पोज्जो चिविताते नावाची दाट झाडीची टेकडी आहे. तिच्या माथ्यावरच्या सपाटीला ‘पियानो देल तेझोरो’, म्हणजे खजिन्याचे पठार, असे नाव आहे. अमेरिकेतील ब्रिन मॉर कॉलेजच्या काइल मेरेडिथ फिलिप्स यांनी १९६६ साली येथे उत्खनन सुरू केले आणि इ.स.पू. सातव्या व सहाव्या शतकांतील एट्रुस्कन, म्हणजे रोमच्या वर्चस्वापूर्वी मध्य इटलीत नांदलेल्या लोकांच्या, इमारती उजेडात आल्या. कांसे, हाड आणि हस्तिदंताच्या वस्तू येथे निघाल्या आहेत. पण रोज चरात बसणाऱ्याच्या हाताला सर्वांत जास्त लागते ते कौल. म्हणूनच या लेखात मी कौलांना बरीच जागा दिली आहे. अशा इमारतीच्या उत्खननावर पहिल्यांदा जाणाऱ्या विद्यार्थ्याने सकाळपासून संध्याकाळपर्यंत काय करावे, कोणत्या क्रमाने करावे आणि कुठे हात थांबवावा, हे येथे सांगितले आहे.

इमारत आधी डोक्यात उभी करावी

हत्यार हातात घेण्यापूर्वी ती इमारत कशी बांधली होती आणि कशी पडली, हे नीट समजून घ्यावे. पाया दगडांचा, बहुधा चुन्याशिवाय रचलेला. त्यावर चोपलेल्या मातीच्या किंवा आपल्याकडच्या कुडासारख्या, काठ्यांवर माती लिंपलेल्या भिंती. आत चोपून घट्ट केलेली जमीन. वर लाकडी आढे आणि वासे, आणि त्यांवर भाजलेल्या मातीची जड कौले. ही कौले दोन प्रकारची असतात. एक मोठे, सपाट, दोन्ही लांब कडांना उभी पट्टी असलेले, आणि दुसरे पन्हळीसारखे अर्धगोल, जे शेजारच्या दोन सपाट कौलांमधल्या सांध्यावर पालथे बसते. कोकणातले नळीच्या कौलांचे घर ज्याने शाकारताना पाहिले आहे, त्याला ही रचना समजायला वेळ लागणार नाही. मातीची भिंत पावसापासून वाचवायची तर वळचण बरीच पुढे काढावी लागते आणि तेवढे ओझे पेलायला भक्कम लाकूड लागते; लाकूड जळाले की सगळेच खाली येते.

पोज्जो चिविताते येथे दोन वेगवेगळे शेवट पाहायला मिळतात आणि त्यांतला फरक उत्खनन करणाऱ्याला रोज कामी येतो. इ.स.पू. सातव्या शतकातला इमारतींचा जुना समूह आगीत नष्ट झाला. त्यात एक लांबलचक कार्यशाळा होती, जिला भिंती नव्हत्या. दगडी बैठकींवर उभे खांब आणि वर छप्पर एवढीच तिची रचना होती. आग लागली तेव्हा तेथे नुकतीच थापलेली कच्ची कौले वाळत पडलेली होती. पळणाऱ्या माणसांचे पाय त्या ओल्या मातीत उमटले आणि त्याच आगीने ती पावले भाजून पक्की केली. या ठिकाणाबद्दल दुसरे काही लक्षात राहिले नाही तरी चालेल, पण ही पावले विसरू नयेत, कारण एखादे कौल ‘साधे’ म्हणून घाईने उचलण्यापूर्वी त्याची पाठ का पाहायची याचे उत्तर त्यांत आहे.

आगीनंतर त्याच जागी अंगणाभोवती चार बाजूंनी बांधलेली, प्रत्येक बाजू सुमारे ६० मीटर लांबीची मोठी वास्तू उभी राहिली. तिच्या आढ्यावर रुंद काठाच्या टोप्या घातलेले मातीचे पुतळे बसवलेले होते आणि मेजवानी, घोड्यांची शर्यत, मिरवणूक अशी दृश्ये साच्यातून काढलेल्या मातीच्या पट्ट्या लाकडाला ठोकलेल्या होत्या. इ.स.पू. सहाव्या शतकाच्या मध्याच्या सुमारास ही वास्तू जाणीवपूर्वक पाडली गेली, असे उत्खननकर्त्यांचे मत आहे. थोडक्यात, एक इमारत जळून बसली आणि दुसरी माणसांनी मोडली. पहिलीचा ढिगारा आणि दुसरीचा ढिगारा सारखा दिसत नाही.

सकाळचा पहिला तास

मोसम उन्हाळ्याचा असतो, त्यामुळे काम लवकर सुरू करून दुपारच्या उन्हापूर्वी जास्तीत जास्त खणकाम उरकणे शहाणपणाचे असते. चढ चढून वर पोहोचल्यावर लगेच खणायला बसू नये. रात्री चरावर घातलेले आच्छादन दोघांनी दोन टोकांना धरून, त्यावरचे पाणी आणि पाने चराबाहेर पडतील अशा बेताने काढावे. मग चराच्या चारही कडा पाहाव्यात: कुठे माती ढासळली आहे का, रात्री एखाद्या प्राण्याने उकरले आहे का, कालची खुणेची चिठ्ठी जागेवर आहे का. ढासळलेली माती कोणत्याही थराची नसते; तिच्यातली खापरे वेगळ्या पिशवीत, ‘पडलेली माती’ असे लिहून ठेवावीत. ही शिस्त पाळली नाही तर वरच्या थरातले खापर खालच्या थराच्या पिशवीत जाते आणि पुढे कुणीतरी त्यावरून चुकीचा काळ ठरवतो.

चराची चौकट आधीच आखलेली असते, पण दोरा रोज ताणून पाहावा. नवीन चर आखताना काटकोन साधण्यासाठी ३, ४ आणि ५ मीटरच्या त्रिकोणाची गवंड्यांची जुनी पद्धत अजूनही सर्वांत सोपी आहे. टोटल स्टेशन, म्हणजे कोन आणि अंतर मोजणारे इलेक्ट्रॉनिक यंत्र, असले तरी ती हाताला माहीत असावी. उंची मोजण्यासाठी एक पक्का संदर्भबिंदू असतो आणि दिवसातली प्रत्येक खोली त्याच बिंदूपासून मोजतात. दोरा, टेप, ओळंबा आणि पाणसळ यांनी मोजत असाल तर दोऱ्याला झोळ नाही ना, हे दर वेळी पाहावे, कारण झोळ पडलेल्या दोऱ्याची चूक दिवसभर प्रत्येक आकड्यात साठत जाते.

मग कालची वही वाचावी. काल दुपारी दमलेल्या हाताने लिहिलेला शेवटचा परिच्छेद सकाळी ताज्या डोळ्यांनी वाचला की बहुतेक वेळा एखादा प्रश्न सापडतो, आणि त्या दिवसाचे काम त्या प्रश्नापासूनच सुरू करावे.

वरची माती आणि मुळे

या टेकडीवर नंतरच्या काळात मोठी वस्ती झाली नाही, त्यामुळे प्राचीन अवशेष जंगलाच्या मातीखाली फार खोल नसतात. हे सोयीचे आहे आणि धोक्याचेही. वरचा काळसर, पालापाचोळ्याचा थर कुदळीने आणि फावड्याने काढता येतो, पण कुदळ पाते आडवे ठेवून, ओढत चालवावी. उंचावरून घाव घालू नये. कौलाला कुदळ लागली की तिचा आवाज बदलतो. मातीत ती मऊ ‘भस्स’ करते, दगडावर खणखणते आणि कौलावर एक पोकळ ‘टक्’ येते. तो आवाज पहिल्यांदा आला की त्या भागातली कुदळ बाजूला ठेवून थापी घ्यावी.

मुळे कधीही उपटू नयेत. ओढलेले मूळ आपल्याबरोबर वीतभर माती आणि तिच्यातली कौले हलवते. मूळ कातरीने जमिनीच्या पातळीला कापावे, पुढचा थर काढला की पुन्हा कापावे. हे कंटाळवाणे आहे, पण झाडीतल्या उत्खननात याला पर्याय नाही. निघालेली माती घमेल्यांतून एकचाकी गाडीत आणि तेथून ठरलेल्या ढिगावर जाते. वरच्या थराची चाळण झटपट करतात, खालच्या थरांची मात्र सावकाश.

पडलेले छप्पर कसे वाचावे

आता खरे काम सुरू होते. कौलांचे पहिले तुकडे दिसताच ते उचलावेसे वाटतात. ते अजिबात उचलू नयेत. आधी पूर्ण चरभर एकाच पातळीवर माती काढून सगळी कौले जागच्या जागी उघडी करावीत. थापीची कड मातीशी जवळजवळ आडवी धरून स्वतःकडे ओढायची, माती सुपलीत घ्यायची आणि कौलाच्या अगदी जवळ आले की लाकडी किंवा बांबूची काडी आणि ब्रश वापरायचा, कारण लोखंडाच्या टोकाने कौलाच्या पृष्ठावर पडलेला ओरखडा नंतर प्राचीन खूण म्हणून फसवू शकतो.

उघडी झालेली कौले पाहून पुढील प्रश्न विचारावेत. तुकडे एकमेकांशी जुळतात का, म्हणजे एकच कौल पडल्या जागी फुटून पसरले आहे का? सपाट कौले आडवी पडली आहेत, की तिरपी, उभी, एकात एक घुसलेली? त्यांच्यामध्ये मोकळी, भुसभुशीत माती आहे का? खाली कोळशाचा आणि भाजून लाल झालेल्या मातीचा थर आहे का? तुकडे जुळत असतील, आडवे असतील आणि खाली कोळसा असेल, तर छप्पर जळून सरळ खाली बसले आहे, आणि त्याच्याखाली त्या दिवशी जमिनीवर जे होते ते अजून तेथेच असण्याची शक्यता मोठी आहे. उलट तुकडे जुळत नसतील, कोपरे वेगवेगळ्या कौलांचे असतील आणि मधल्या जागा नंतरच्या मातीने भरल्या असतील, तर तो ढीग कुणीतरी टाकलेला आहे. अशा ढिगाखालची जमीन त्या ढिगाशी थेट जोडता येत नाही.

भिंत असलेल्या इमारतीत आणखी एक गोष्ट पाहावी लागते: भिंत आधी पडली की छप्पर. विरघळलेल्या भिंतीची पिवळट किंवा लालसर माती कौलांच्या वर असेल, तर छप्पर आधी आले आणि भिंती मागाहून पावसाने वितळल्या. कौलांच्या खाली असेल, तर भिंत खचली आणि छप्पर तिच्यावर कोसळले. दोन्ही प्रकार एकाच खोलीच्या दोन कोपऱ्यांत सापडू शकतात, म्हणून एका कोपऱ्यावरून संपूर्ण खोलीचा निष्कर्ष काढू नये.

सफाई झाली की छायाचित्र घ्यावे. झाडांमधून पडणारे कवडसे ही येथली सर्वांत त्रासदायक गोष्ट आहे. अर्धे कौल उन्हात आणि अर्धे सावलीत असले की छायाचित्र निरुपयोगी होते. सकाळी लवकर किंवा ढग आला असता घ्यावे, अथवा चौघांनी मोठी चादर धरून सगळा चर एकसारखा सावलीत आणावा. मोजपट्टी, उत्तर दाखवणारा बाण आणि थराचा क्रमांक चौकटीत हवाच. आता अनेक ठिकाणी शेकडो छायाचित्रांतून त्रिमितीय प्रतिमा तयार करतात, आणि ती उत्तमच असते. तरीही १:२० या प्रमाणात हाताने आराखडा काढण्याचा मी आग्रह धरतो. कॅमेरा सगळे सारखेच टिपतो, पण पेन्सिल हातात असली की हा तुकडा त्या तुकड्याच्या वर आहे की खाली, हे ठरवल्याशिवाय रेघ ओढता येत नाही.

यानंतरच कौले उचलावीत, आणि एकेक उचलून दोन्ही बाजू पाहाव्यात. वरच्या बाजूला बोटांनी ओढलेल्या रेघा, कडेला ओली असताना कोरलेली एखादी खूण किंवा अक्षर, प्राण्याचे पाऊल, रंगाचा अंश असू शकतो. एट्रुस्कन लेखन बहुधा उजवीकडून डावीकडे चालते, म्हणून दोन-तीन रेघांचा ओरखडा दिसला तर तो त्या दिशेनेही वाचून पाहावा. मी स्वतः एकदा अशा एका तुकड्याच्या कडेशी अंगठ्याचा खळगा पाहिला: कौल साच्यातून काढताना कुणीतरी तेथे धरले होते आणि माझा अंगठा त्यात बरोबर बसला. खूण असलेले, आकार पूर्ण सांगणारे आणि सजावटीचे तुकडे स्वतंत्र नोंदवतात. साध्या तुकड्यांची मोजदाद आणि वजन थरनिहाय करतात. त्यांपैकी कोणते ठेवायचे हे मोहिमेच्या प्रमुखाने ठरवलेले असते. ते चरातल्या माणसाने ठरवायचे नसते.

थर बदलला हे कसे ओळखावे

रंग, पोत, घट्टपणा आणि आत मिसळलेले घटक, म्हणजे कोळसा, लाल मातीचे कण, खडे, या चार गोष्टींपैकी कोणतीही एक बदलली की हात थांबवावा. रंग ओल्या आणि कोरड्या मातीत वेगळा दिसतो, म्हणून फवाऱ्याने संपूर्ण पृष्ठ सारखे ओले करून मगच मन्सेल रंगपुस्तिकेशी ताडून पाहावा. ‘तपकिरी’ असे लिहून भागत नाही. ‘१० वायआर ४/३’ असा त्या पुस्तिकेतला क्रमांक लिहिला की जगातल्या कोणालाही तोच तपकिरी कळतो. प्रत्येक नव्या थराला नवा क्रमांक मिळतो, आणि इटलीत यासाठी स्तर-एकक अशा अर्थाची संज्ञा वापरतात. खड्डा खणणे, पाया उपसणे अशा क्रियांनाही क्रमांक असतो, कारण तीही घडलेली घटना आहे. कोणते एकक कोणत्याच्या वर, कोणते कोणाला छेदून गेले, हे पुरातत्त्वज्ञ एडवर्ड हॅरिस यांनी १९७३ साली मांडलेल्या तक्त्यात त्याच दिवशी भरावे. आठवड्याने भरलेला तक्ता हा आठवणीवर भरलेला तक्ता असतो.

मातीच्या भिंतीचा वितळलेला गाळ आणि चोपलेली जमीन दिसायला एकसारखी असतात, आणि नवखा माणूस हमखास जमीन खणून पुढे जातो. पुण्याजवळच्या इनामगावला डेक्कन कॉलेजने ताम्रपाषाण काळातील मातीची घरे खणली, तेथेही मातीतून माती वेगळी ओळखायचीच अडचण होती. उपाय दोन्हीकडे सारखाच आहे: थापीच्या टोकाला जाणवणारा विरोध. गाळ कुरतडला जातो, तर चोपलेली जमीन पापुद्र्यासारखी सुटते आणि वरची माती तिच्यावरून निखळून येते. शंका आली तर चराच्या एका कोपऱ्यात छोटा उभा छेद घेऊन पाहावा, आणि तो छेदही नोंदवावा.

जमिनीवर पोहोचल्यावर

येथे वेग अगदी कमी करावा. जमिनीवरची प्रत्येक वस्तू जागेवर ठेवून तिचे दोन आडवे आणि एक उभे माप घ्यावे. ज्या कार्यशाळेत हाड, शिंग, कांसे आणि माती यांवर एकाच छपराखाली काम होत होते, तेथे हाडाचा कापलेला तुकडा कांशाच्या थेंबापासून किती अंतरावर पडला, यावरून कोण कुठे बसत होते हे कळते. वस्तू उचलल्यावर मात्र हे अंतर कायमचे हरवते. जमिनीलगतची माती सगळी बारीक चाळणीतून काढावी आणि ठरलेल्या जागांचे नमुने पाण्यात तरंगवण्यासाठी न चाळता राखून ठेवावेत, कारण जळलेली द्राक्षबी किंवा धान्याचा दाणा चाळणीतून हमखास निसटतो.

कोळशाचा नमुना हाताने न धरता स्वच्छ थापीने अॅल्युमिनियमच्या कागदात घ्यावा. कांशाची वस्तू कोरडी ठेवावी, घासू नये. हाड आणि हस्तिदंत उन्हात एकदम सुकले की तडकते, म्हणून ते सावलीत, भोवतालच्या मातीसकट, संवर्धन करणाऱ्या व्यक्तीला बोलावूनच उचलावे. बुकेरो नावाची काळी चकचकीत भांडी पातळ असली तरी टणक असतात. इम्पास्तो ही जाडीभरडी भांडी जाड दिसतात, पण ओली असताना बोटात चुरतात. नवख्याचा अंदाज नेमका उलटा असतो.

प्रत्येक पिशवीत एक चिठ्ठी आत आणि एक बाहेर असावी, दोन्हींवर चर, एकक, तारीख आणि लिहिणाऱ्याची आद्याक्षरे असावीत. माहिती भरण्यापूर्वी पिशवी भरू नये. हे सगळे अवशेष इटलीच्या २००४ सालच्या सांस्कृतिक वारसा संहितेनुसार राज्याच्या मालकीचे असतात. उत्खननाला सरकारी पुरातत्त्व खात्याची परवानगी लागते, आणि खिशात गेलेला लहानसा तुकडाही चोरीच ठरतो.

वही

दुपारी खणकाम थांबते, पण वहीसाठी वेळ राखून ठेवावा; उरलेला वेळ देऊ नये. नोंद कशी असावी याचा एक नमुना देतो: ‘एकक १४ : तपकिरी, भुसभुशीत, कोळशाचे बारीक कण, वायव्य कोपऱ्यात जास्त. खाली एकक १५ ची कौले. दोघांची सीमा पूर्वेकडे स्पष्ट, पश्चिमेकडे मुळांमुळे अस्पष्ट. पश्चिमेकडची पाच-सहा खापरे कोणत्या एककाची याबद्दल खात्री नाही, वेगळी पिशवी.’ शेवटचे वाक्य सर्वांत मोलाचे आहे. जे ठाऊक नाही ते त्याच दिवशी लिहून ठेवले तर पुढचा अभ्यासक त्या खापरांवर भलते ओझे टाकत नाही. जे पाहिले ते आणि त्यावरून जे वाटले ते, ही दोन वेगळ्या परिच्छेदांत असावीत. ‘स्वयंपाकाची जागा’ असे लिहू नये. ‘लाल भाजलेली माती, साधारण गोलाकार, भोवती राख’ असे लिहावे आणि मग खाली, वेगळे, स्वयंपाकाची जागा असावी असे वाटते, म्हणून लिहावे.

चराच्या भिंतीचा उभा छेद १:१० प्रमाणात काढताना एकाने मोजावे आणि दुसऱ्याने काढावे. मोजणाऱ्याने आकडा सांगितला की काढणाऱ्याने तो मोठ्याने परत म्हणावा. ३२ आणि २३ यांची अदलाबदल यामुळे टळते.

दुपारनंतर आणि दिवस संपवताना

खापरे आणि कौले धुण्याचे काम सावलीत होते. एका वेळी एकच पिशवी उघडावी, तिची चिठ्ठी ट्रेवरच ठेवावी, मऊ ब्रशने तुटलेल्या कडांवरून सुरुवात करावी आणि रंग दिसला की थांबावे. कडा स्वच्छ असल्या तरच तुकडे नंतर जुळतात. मोसमभरात चरात जितके शिकायला मिळते, त्याच्या तोडीचे धुण्याच्या टेबलावर मिळते, कारण सकाळी मातीत लपलेली खूण येथे पाण्याखाली दिसते आणि लगेच चराच्या वहीत मागे जाऊन दुरुस्ती करता येते.

शरीराची काळजी थोडक्यात सांगतो: टोपी, पूर्ण बाह्या, जाड तळाचे बूट, प्रत्येकाकडे पुरेसे पाणी आणि धनुर्वाताची लस. या जंगलात गोचीड असतात, म्हणून संध्याकाळी अंग तपासावे. दगड किंवा आच्छादन उचलताना आधी काठीने हलवावे, कारण तेथे विषारी साप आढळतात. चराच्या कडेवर कधीही बसू नये.

संध्याकाळी आच्छादन पुन्हा घालताना त्याखाली पाणी साचणार नाही असा उतार द्यावा आणि दगड चराबाहेर, कडेपासून दूर ठेवावेत. मोसम संपताना भिंतींच्या उघड्या पडलेल्या दगडी पायांवर आणि जमिनीवर आधी पाणी झिरपू देणारे कापड अंथरतात आणि मगच माती भरतात, म्हणजे पुढच्या वर्षी खणणाऱ्याला आपण नेमके कुठे थांबलो होतो हे कापड लागताच समजते. शेवटची घमेली टाकण्यापूर्वी चराच्या चार कोपऱ्यांची उंची पुन्हा एकदा मोजून वहीत लिहावी.